आडवं कातडं

यात्रेचा पहिला दिवस. धुकं अजून रस्त्यावरून उठलं नव्हतं. मुकादम पुढे चालत होता आणि रापीबाई वीस-पंचवीस पावलं मागून त्याच्या बुटांकडे बघत चालत होती. तपकिरी बूट, कडेला दुहेरी शिवण. आठ वर्षांपूर्वी याच बुटांनी तिचं तोंड काळं केलं होतं.

वाट चौतीस दिवसांची. ती जिथे संपते त्या पवित्र जागेचं रापीबाईला काही नव्हतं. निघताना मुलीने विचारलंही होतं, "आई, तुझा देवावर विश्वास कधीपासून बसला?"

"देवावर नाही गं. बुटांवर बसलाय."

मुलगी हसली. आईच्या पिशवीत कपडे कमी आणि लोकरीचा जाड नमदा, खळीची बाटली, दोऱ्याचं भरलेलं रीळ आणि रापी बघून मात्र तिचं हसू मावळलं. रापी म्हणजे चामडं कापायची अर्धगोल सुरी. बुटांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तीच हातात होती, म्हणून बाईचं खरं नाव कुणी घेत नसे.

चामडं एका अंगाने ताणतं, दुसऱ्या अंगाने ताणत नाही. जनावराच्या पाठीच्या कण्याची रेघ धरून टाचेपासून चवड्यापर्यंत साचा ठेवायचा. मग बूट पायाला धरून राहतो. आडवा ठेवला तर दिसायला तोच बूट, पण चालायला लागलं की सैल पडत जातो. हे शिकाऊ पोरीलाही ठाऊक असतं. मुकादमाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आडवं ठेवलं की एका कातड्यात चार तुकडे जास्त बसायचे, आणि त्याला मालकापुढे मिरवायचं होतं.

"हे टिकायचं नाही," ती म्हणाली होती.

"तुम्ही हात चालवा बाई, तोंड नको."

तिने हात चालवला. महिन्याभरात अख्खा माल परत आला. मुकादमाने चाळीस बायकांसमोर मालकाला सांगितलं, "बाईंची नजर गेली आता. साचा उभा की आडवा तेही दिसत नाही." चाळीसजणींपैकी एकीनेही मान वर केली नाही. गावातल्या एकाही कारखान्याने मग तिच्या हातात रापी दिली नाही. ती घरी बसून पिशव्यांचे बंद शिवू लागली, आणि सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवताना दर वेळी तिला तेच वाक्य ऐकू यायचं.

परवा-परवा औषधाच्या दुकानात मुकादमाची बायको भेटली. "हे चाललेत यात्रेला. नवे बूट घ्या म्हटलं, तर म्हणे कारखान्यातल्या त्या परत आलेल्या मालातले तपकिरी आहेत की, कोरेच्या कोरे."

रापीबाईने खोकल्याचं औषध न घेताच घर गाठलं.

दुपारी पाणी प्यायला सगळे थांबले तेव्हा त्याने तिला ओळखलं. जरा चपापला, मग मोठेपणाने हसला.

"बाई, तुम्हीपण? छान. जुनं सगळं मागे टाकायलाच येतात लोक इथे."

"हो का? नेमकं कुठे टाकतात? मला दाखवा."

तो पुढे सटकला.

दुसऱ्या दिवशी दंवाने भिजलेल्या गवतातून चढ होता. बूट ओले झाले, उन्हात वाळले, पुन्हा ओले झाले. संध्याकाळी तिने पाहिलं, बुटाचं तोंड वासलं होतं आणि मुकादम त्यात वर्तमानपत्र कोंबत होता. त्या मुक्कामात शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तरीण होती. रापीबाईने तिच्या बुटाची उसवलेली टाच अर्ध्या तासात शिवून दिली. मास्तरणीने ते साऱ्या यात्रेकरूंना सांगितलं. सांगू दिलं तिने.

तिसऱ्या दिवशी उतार. बुटाच्या आत पाय पुढे घसरायचा, मागे घासायचा. मुकादम आधी लंगडला, मग काठी घेतली, मग दर दगडावर बसू लागला. तो बसला की ही पण थांबायची. पुढे जाऊन चालणार नव्हतं. मास्तरीण म्हणाली, "तुम्ही किती दयाळू आहात हो, त्यांच्यासाठी थांबता."

"जुनी ओळख आहे," रापीबाई म्हणाली.

संध्याकाळी जेवणघरात लांब टेबलाभोवती सगळे बसले असताना तो आला. पायात रक्ताळलेले मोजे, हातात बूट.

"बाई, एवढं बघता का? असं राहिलं तर उद्या परत फिरावं लागेल."

तिने बूट घेतला, नाडीखालची जीभ उलटी केली. आतल्या बाजूला दोन तिरके बारीक काप होते. प्रत्येक कापणारीची अशी खूण असते.

"कापलंय मीच," ती म्हणाली. "आडवं ठेवायला कुणी सांगितलं होतं?"

"आठ वर्षं झाली बाई आता."

"आठ कुठली? तीन दिवसांत ताणलं की."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग खाली वाकून पुटपुटला, "मी सांगितलं होतं."

"मास्तरीणबाईंना ऐकू आलं नाही. कान जरा कमी आहेत त्यांचे."

मास्तरणीचे कान उत्तम होते. पण तिने चमचा खाली ठेवला आणि हात कानामागे धरला.

"साचा आडवा ठेवायला मी सांगितलं होतं," मुकादम म्हणाला. आवाज फाटला. "यांनी नको म्हटलं होतं. यांची नजर गेलेली नव्हती."

रापीबाईने सगळ्यांची तोंडं एकेक करून पाहून घेतली. चाळीस नव्हती, चौदा होती. तिला वाटलं होतं छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही; भूक मात्र लागली, चांगली कडकडून.

तिने आधी जेवून घेतलं. मुकादम तेवढा वेळ उभा होता. मग तिने नमद्याचे दोन तुकडे मापात कापले, टाचेला आणि जिभेखाली बसवले, कडेने खळ लावली. बूट पायाला घट्ट धरून बसला. मुकादमाने चार पावलं टाकून पाहिली, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उपकार झाले बाई."

"उद्या संध्याकाळपर्यंत टिकेल. घामाने खळ सुटते. पुढच्या मुक्कामावर घेऊन या, पुन्हा लावून देईन." ती रापी पुसत होती. "तिथे वेगळी माणसं असतील. त्यांनाही सांगा. मग त्याच्या पुढच्या मुक्कामावर."

त्याने पायांकडे पाहिलं आणि तो खाटेकडे निघून गेला.

मास्तरीण जवळ सरकली. "खळीऐवजी शिवलं असतं तर टिकलं असतं ना?"

"जन्मभर," रापीबाई म्हणाली आणि दोऱ्याचं भरलेलं रीळ पिशवीच्या तळाशी ठेवून दिलं.