पहिल्या सहा महिन्यांचं रक्त

ईरा आणि कबीर,

मी माकुणसार सोडलं त्या सकाळी माझे वडील मला बैलगाडीतून सफाळ्याला घेऊन निघाले. गाडीत बाजाराला जाणारे केळीचे घड होते, आणि त्या घडांच्या बेचक्यात माझी ट्रंक आणि मी. आईने पदराला डोळे पुसत माझ्या मांडीवर सुकेळ्यांचं पुडकं ठेवलं. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. ती गोड लागतात आणि बरेच दिवस टिकतात. वडील सगळा रस्ता बैलांशीच बोलत होते. स्टेशन दिसल्यावर एकच वाक्य माझ्याशी बोलले, "नव्या जागी गेलीस का पैलं पाणी बघ. माती कशीबी असली तरी चालंल."

आमची पानवेलीची आणि केळीची वाडी होती. समुद्र जवळ असल्यामुळे विहिरीचं पाणी खारट झालं की वेली मान टाकत. त्यामुळे वडिलांना जग असंच दिसायचं. पुढे लीड्सला पोहोचल्यावर मी नळाचं पाणी खरोखरच चाखून पाहिलं होतं. पाणी गोडं होतं आणि चहा छान व्हायचा. "तुझ्या आजीने चहासाठी देश सोडला," असं तुमचे आजोबा मला आयुष्यभर चिडवत राहिले.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. ईरा, गेल्या वर्षी मी तुमच्या घरून निघाले तेव्हा तू माझ्या बॅगेवर बसून राहिली होतीस आणि उठायला तयार नव्हतीस. तुझ्या मार्चमधल्या व्हायोलिनच्या कार्यक्रमाला मी नक्की येईन, असं तेव्हा मी कबूल केलं होतं. मी येणार नाही. का, ते तुला नीट कळायला हवं. "आजीला बरं वाटत नव्हतं" असं काही तुझ्या बाबाने सांगितलेलं मला चालणार नाही.

आधी माझ्या कामाबद्दल सांगते. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचं असतं. बाळ जन्मलं म्हणून ते एका दिवसात जात नाही. ते हळूहळू कमी होत जातं, आणि त्याच्या जागी मोठ्या माणसांचं हिमोग्लोबिन येतं. हा बदल व्हायला साधारण सहा महिने लागतात. मी तरुण होते तेव्हा मला वाटायचं, शरीरसुद्धा घर सोडतं ते माझ्यासारखंच. निघाल्यावरही कितीतरी दिवस जुन्यावर जगतं. सिकलसेल नावाचा एक आजार आहे. त्यात नवं हिमोग्लोबिन बिघडलेलं असतं, त्यामुळे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. काही थोड्या माणसांत मात्र ते बाळपणीचं रक्त मोठेपणीही पूर्ण जात नाही, आणि त्यांना हा आजार बेताचाच होतो. का होतं असं? जीनोममधलं कुठलं बटण त्यांच्यात बंद व्हायचं राहतं? माझी सगळी नोकरी, सगळे पेपर, सगळी भाषणं या एका प्रश्नाभोवती गेली. त्या कामात अनेक देशांतली माणसं होती आणि आमच्या लॅबचा त्यात वाटा होता. आता तेच बटण पुन्हा चालू करणारे उपचारही निघाले आहेत. ते इतके महाग आहेत की इथे त्यांचं नाव काढायलाही संकोच वाटतो.

आणि इथे म्हणजे पालघरच्या डोंगराकडच्या पाड्यांमध्ये हा आजार आहे. जन्मलेल्या बाळांच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासण्याचं काम एक संस्था करते, म्हणून मी काही महिन्यांसाठी मदतीला आले आणि बोईसरजवळ सरावलीत भाड्याने फ्लॅट घेतला. आजूबाजूला कारखान्यांतले कामगार राहतात. गॅलरीत उभं राहिलं की खालून भोजपुरी, हिंदी आणि मराठी एकदमच ऐकू येतं. आल्यापासून मला स्वस्थता नव्हती. लीड्समध्ये असताना माकुणसारच्या वाडीची स्वप्नं पडायची, आणि सरावलीत तुमच्या जिन्याची करकर ऐकू यायची. कुणी "घरी कधी जाणार?" असं विचारलं की मला आधी "कुठल्या?" असं विचारावं लागे.

रोशनीचा रिपोर्ट दिवाळीच्या सुमाराला आला. ती पावसाळ्यात जन्मलेली. दोनदा तपासून खात्री झाली होती की तिला सिकलसेल आहे. अशा बाळाला रोज औषध द्यावं लागतं, कारण साधा ताप त्याला काही तासांत नेऊ शकतो. मी आणि तिथली आशाताई, म्हणजे पाड्यांची आरोग्यसेविका, कल्पना अशा दोघी रिपोर्ट घेऊन मनोरच्या पुढे त्यांच्या पाड्यावर गेलो. घराला कडी होती. रोशनीचे आईवडील, वनिता आणि दीपक, तिला घेऊन वीटभट्टीवर गेले होते. भात कापून झाला की तिथली निम्मी माणसं जातात ती पावसाच्या आधी परततात. फोन बंद होता. शेजारच्या झोपडीत दीपकची आई लाडकी कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"पोर आजारी हाय म्हनतंस?" ती हसली. "गालफडं बघली काय तिची? पेरूवानी हायेत."

तिचं खरंच होतं, आणि तेच मला घाबरवत होतं. बाळ धडधाकट दिसत होतं ते जुन्या रक्ताच्या जोरावर. ते रक्त आता आठवड्या-आठवड्याला कमी होत होतं. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. तुम्हाला सांगितलं त्याहून सोपं करून सांगितलं.

"तू डॉक्टर काय?"

"डॉक्टर नाही. मी रक्तातलं वाचते."

"वाचून काय करतंस?"

कल्पनाला हसू आवरेना. भट्टी कुठे आहे, असं विचारलं तर लाडकी म्हणाली, "वसईच्या अंगाला. नाव येत नाय मला, वाट येते. दीपकला सोडाया एकदा गेलते." मग आमच्याबरोबर चला म्हटलं, तर तिने मान फिरवली. पोराची-सुनेची मजुरी बुडेल, म्हणाली. हसतं पोर दवाखान्यात नेऊन रडवायचं कशाला?

एक गोष्ट विचारायची राहिली होती. अशा वेळी आम्ही नेहमी विचारतो ती. घरात आधी कुणी लहानपणी गेलं आहे का? लाडकीने कोंबड्यांपुढे आणखी एक मूठ दाणे टाकले.

"सोमी. दीपकच्या आदीची. अशीच होती, जाडी, हसरी. सा म्हैने. मंग एक दिवस हातापायाची बोटं फुगली, केळ्यावानी. हात लावू देईना. भगताला दाखवलं. ताप चढला, आनि गेली."

बोटांच्या त्या सुजेला आमच्या पुस्तकांत एक लांब नाव आहे. मी ते शेकडो वेळा टाइप केलं असेल. सोमी मात्र मला तिथे भेटली नव्हती.

"हिची पन फुगतील?" लाडकीने विचारलं.

"फुगू शकतात. पण औषध रोज दिलं आणि ताप येताच दवाखाना गाठला, तर ही वाचेल."

तिने दाण्यांचं सूप खाली ठेवलं, पलीकडे ओरडून सांगितलं, "कोंबड्या बघ गं!" आणि नेसत्या लुगड्यानिशी गाडीत येऊन बसली.

ड्रायव्हर सरावलीतल्या आमच्याच गल्लीतला, उत्तरेकडचा. दर वळणावर विचारायचा, "आजी, लेफ्ट कि राइट?" लाडकीचं उत्तर एकच, "पिपळाकडं." शेवटी तो वैतागून म्हणाला, "अरे आजी, पीपल तो हर मोड पे है!" तरी तिने आम्हाला बरोबर त्याच भट्टीवर नेलं.

विटांच्या थप्पीआड, तीन बांबूंना बांधलेल्या झोळीत रोशनी होती. मी आधी तिची बोटं बघितली. ती नाजूक होती, सरळ होती, आणि तिने माझा चष्मा ओढला. वनिता कोपरापर्यंत चिखलाच्या हातांनी धावत आली. सगळं ऐकून दीपक म्हणाला, "बाय, पोर हसतं हाय, तू आमाला रडवाया आलीस काय?" वनिता हळूच म्हणाली, "औषिद रोज कोन देनार? मी पहाटंपास्नं मातीत असते. ताप आला तरी मला सांजंला कळंल."

कल्पनाने त्या भागातल्या आशाताईंना फोन लावून जवळच्या दवाखान्याची सोय केली. पण दिवसभर बाळाच्या अंगाला हात लावून बघणारं कुणी हवं होतं.

"मी देते," लाडकी म्हणाली. "मी हितंच राते."

"आये, तू?" दीपक हसला. "भट्टीचं नाव काडलं का थुकतंस तू. हितं झोप तरी लागंल काय तुला?"

"थुकंन आनि राहीन."

कल्पनाने तिला दाखवलं, हाताच्या मागच्या बाजूने ताप कसा बघायचा, आणि डाव्या बरगडीखाली पोट चाचपून पानथरी सुजली आहे का ते कसं पाहायचं. लाडकीने ते पुन्हापुन्हा करून पाहिलं. जिने पाड्याबाहेर कधी एक रात्रही काढली नव्हती, ती बाई त्या दिवसापासून विटांच्या खोपटात राहते आहे. मी घर सोडलं तेव्हा माझ्याजवळ ट्रंक होती, सुकेळी होती, पुढे काय होणार याचा अंदाज होता. तिच्याजवळ यातलं काहीच नव्हतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. नमस्कार नाही, नाव नाही. "ताप नाय," एवढं म्हणते आणि ठेवते. कल्पना मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही खुशाल जा लीड्सला, फोन मी घेईन." ती नक्की घेईल, आणि माझ्यापेक्षा चांगलं उत्तर देईल. मी स्वतःला हे रोज सांगत होते. तिकिटांची पानं उघडून बसत होते आणि मिटत होते. जुनं रक्त संपण्याचे आठवडे नेमके मार्चपर्यंतचेच. आयुष्यभर मी त्या आठवड्यांचे आलेख काढले. आता ते एका मुलीच्या अंगात चालू आहेत आणि माझं मन कशात लागत नाही.

इथपर्यंत लिहून झालं आणि परवा फोन भलत्याच वेळी वाजला. मी ताटावरून उठले.

"ताप हाय," लाडकी म्हणाली. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "दवाखान्यात आनली. बाटली लावली."

मला तिला पन्नास गोष्टी विचारायच्या होत्या. तिने डॉक्टरांच्या हातात फोन दिला आणि मी त्यांच्याशी बोलले. अंग गरम लागल्याबरोबर लाडकीने बाळाला उचलून आणलं होतं, कुणाला न विचारता, भट्टीच्या सेठच्या टेम्पोसमोर आडवं उभं राहून. औषधं लगेच सुरू झाली होती. आज सकाळी ताप उतरला, आणि रोशनी वनिताचं दूध प्यायली. असे ताप पुढेही येतील. मी कबूल करते की मला त्यांची भीती वाटते.

पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते परवाच्या फोनचं शेवटचं वाक्य. ठेवता ठेवता लाडकीने विचारलं, "तू घरी हायस ना? घरीच रा. मी परत फोन करीन."

"घरीच आहे," मी म्हणाले. कुठल्या, असं विचारायचं मला सुचलंही नाही.

ईरा, कार्यक्रमाच्या दिवशी तुझ्या बाबाला फोन पुढच्या रांगेत धरून ठेवायला सांग. मी इथून ऐकेन. लाडकीचा फोन त्याच वेळी आला, तर मात्र मी आधी तिचा घेईन.

तुमची,
आजी