देवबागचं रीळ

रिक्षा घरासमोरच्या खळ्यात उभी होती. आधी कुडाळ स्टेशन, मग विमान, मग हॅम्बर्ग. माझ्या निघण्याला घर आता सरावलं आहे. आई पिशवीत कोकमाची सोलं कोंबत होती. बाबा मात्र आत गेले आणि पत्र्याचा एक गोल डबा घेऊन बाहेर आले.

"ह्यां ने," ते म्हणाले. "थंय मशिनीवर घालून बघूक येता म्हणतंस ना? बघ. आणि आत काय आसा ता माका खरा सांग."

त्या डब्यात काय आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी त्याचं नाव काढत नसे. बाबांचा धाकटा भाऊ, बाबलकाका, बोटीवर नोकरीला होता. परदेशातून येताना त्याने सिनेमा काढायचा छोटा कॅमेरा आणला. माझ्या जन्माआधी, त्याच्या सुट्टीत, दोघे भाऊ देवबागला गेले. खाडी समुद्राला मिळते तिथे काका पोहायला उतरला आणि परत आला नाही. कॅमेऱ्यातलं रीळ पुढे त्याच्या एका मित्राने मुंबईत धुऊन घेतलं आणि घरी पाठवलं. आमच्याकडे प्रोजेक्टर नव्हता. असता तरी ते कुणी लावलं नसतं.

मी रिक्षात बसले तशी बाबांनी माझं मनगट धरलं. "कॅमेरो माझ्या हातात होतो. त्याणा हात वर केल्यान. माका वाटला, मस्करी करता. मी काढीत ऱवलंय गो."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. रिक्षा सुरू झाली.

विमानतळावर डबा तपासणीच्या पट्ट्यावरून आत गेला तेव्हा मला भीती वाटली, त्या किरणांनी सगळं पुसून गेलं तर? आणि लगेच दुसरी, नाही पुसलं तर?

हॅम्बर्गच्या फ्लॅटमध्ये तो डबा कित्येक आठवडे कपाटात पडून होता. व्हिडिओ कॉलवर बाबा इथल्या थंडीचं विचारायचे, बाजारातल्या बांगड्याचं सांगायचे. रिळाबद्दल एक शब्द नाही. पण बोलणं संपलं तरी फोन ठेवायचे नाहीत, नुसते बघत बसायचे. आम्हा भावंडांना त्यांनी धामापूरच्या तळ्यात कधी पाय बुडवू दिला नाही, ते का, हे मला परदेशातल्या स्वयंपाकघरात उभं असताना समजलं.

शेवटी डबा उघडला. आतून व्हिनेगरसारखा आंबट भपकारा आला. जुन्या फिल्म कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या लॅबमधल्या बाईंनी वासावरूनच मान हलवली. फिल्म कुजायला लागली आहे, आक्रसली आहे, म्हणाल्या. मशीनमधून हळूहळू नेईन, पण मध्येच तुटली तर पुन्हा जोडता येईलच असं नाही. मी हो म्हटलं, आणि ती तुटावी असंही क्षणभर वाटलं.

ती तुटली नाही. लिंक आली.

नवरा म्हणाला, "आधी मी बघू का?" मी नको म्हटलं. बाबांनी ते मला बघायला सांगितलं होतं.

आवाज नव्हता. रंग लालसर झालेले. पाठमोरा, सडसडीत काका पाण्याकडे चालला होता. वळून हसला. हनुवटी अगदी माझी. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, मग नुसतं डोकं दिसू लागलं. आणि हात वर झाला. आता बाबा किती वेळ नुसते बघत उभे राहणार, या भीतीने मी सेकंद मोजू लागले.

पण चित्र तिथेच कोसळलं. आकाश, वाळू, सगळं आडवं. बटण अडकून राहिलं असावं, वाळूत पडलेला कॅमेरा चालूच होता. त्या तिरक्या चित्रात एक माणूस पँट-शर्टासकट पाण्याकडे धावत होता. छातीभर पाण्यात गेला, लाटेने मागे फेकला, पुन्हा गेला. मग पांढरा उजेड.

मी घरी फोन लावला. आईने तो बाबांच्या तोंडासमोर धरला.

"बाबा, हात वर झालेलो दिसता."

त्यांनी डोळे मिटले. "मगे?"

"मगे कॅमेरो वाळूत पडता. लगेच. आणि तुमी धावतास."

"मी धावलंय?"

"व्हय बाबा. कपड्यांनिशी. दोनदा आत गेलास."

"ता माका याद नाय," ते म्हणाले. "माका नुसतो तो हात याद आसा." मग डोळे पुसून म्हणाले, "पयल्यापासून लाव. माका बाबल चलताना बघूचो आसा."

आपल्यासारखे दूर गेलेले, गावचा फोन अवेळी वाजला की, उचलायच्या आधी क्षणभर थांबतात. मी अजूनही थांबते. बाबांचं वय वाढतंच आहे. पूर्वी घर म्हणजे मला वाटायचं, जिथे काही वाईट होत नाही अशी एक जागा. आता तसं वाटत नाही. ज्या माणसांची बातमी ऐकायला जीव घाबरतो, आणि ज्यांना खरं सांगण्याची वेळ आली की ते आपणच सांगायचं असतं, ती माणसं जिथे असतील ते माझं घर.