तीस अक्षरांपुढचं नाव

आमच्या टाइपबाई कुणाचंही नाव तोडत नसत. त्या दुष्काळात आमच्या सहकारी दूध संघाने परंड्याजवळ गुरांची छावणी चालवली होती. चाऱ्याची यादी नव्या कॉम्प्युटरवर निघायची. प्रोग्रॅम मी लिहिलेला, नावं बाई भरायच्या. “आडनाव आणि नावाचं पहिलं अक्षर पुरे,” मी सांगायचो. बाई मान हलवायच्या. “माझ्या बापाला गावानं जन्मभर किश्या म्हणलं, सर. कागदावर तरी माणूस पुरता असू द्या.”

एकदा म्हणाल्या, “नाव लांबलं की मशीन येड्यावानी करतंय. म्या मोजलंय. तीस अक्षरांपर्यंत नीट, पुढं बिघडतंय. टाइपरायटरला ओळ संपायच्या आधी घंटी वाजती. ह्याला न्हाय का?” मी हसलो. इंजिनियर मी होतो. त्या उमरग्याच्या टायपिंग क्लासमधून आलेल्या.

मग एका सकाळी यादी निघालीच नाही. छावणीच्या फाटकावर लोक उन्हात उभे, आत गुरं हंबरत होती. संघाच्या मॅनेजर साहेबांनी ऑफिसात येऊन विचारलं, चूक कोणाची? बाई शेजारीच होत्या. “बाईंचं टायपिंग चुकतं,” मी म्हणालो. दुपारीच त्यांना छावणीत पाठवलं, गुरांच्या कानाला बिल्ले मारायला.

चार दिवसांनी मी प्रोग्रॅम उघडला. नावाला तीसच अक्षरांची जागा ठेवली होती, आणि ती भरली की थांब, असं मशीनला कुठंच सांगितलं नव्हतं. जादा अक्षरं शेजारी सांडत होती. काम संपल्यावर परत कुठं जायचं, हे मशीन तिथंच टिपून ठेवतं. ते टिपण पुसलं गेलं की मशीन भलतीकडेच जातं. मी जागा वाढवली आणि नाव व ते टिपण यांच्या मध्ये एक खुणेचं अक्षर ठेवलं; ते बदललं तर मशीनने तिथंच थांबावं. बाईंची घंटीच ती. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली. पुढं हॅकर लोक अशीच जागा मुद्दाम जादा भरून मशीनचा ताबा घेऊ लागले. त्यांना अडवणाऱ्या खुणा ठेवण्यातच नंतरच्या पुण्यातल्या नोकरीची माझी सगळी वर्षं गेली.

संघ सोडून पुण्याला निघण्याआधी छावणीत गेलो. बाई एका कालवडीचा कान धरून बसल्या होत्या. बोटं कानाच्या जखमेला लावायच्या औषधाने जांभळी झालेली.

“बाई, चूक माझी होती.”

“ठाव हाय. साहेबांना सांगितलं का?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगताय, सर?”

परतताना साहेबांची खोली लागली. दार उघडं होतं, ते एकटेच बसले होते. मी सायकल थांबवलीही नाही.