चिंबोरीचे डोळे

तो चहा माझा नव्हता. एवढं कबूल करायला मला एक वर्ष लागलं.

आमच्या तारापूरच्या कारखान्यात नवं यंत्र बसवायला एक चिनी इंजिनियर आला होता. कँटीनमधला आल्याचा दुधाळ चहा समोर आला की त्याचा चेहरा औषध पाजल्यासारखा व्हायचा. तो आपली पानं खिशात घेऊन यायचा आणि फक्त गरम पाणी मागायचा. ते पाणी कँटीनची मावशी द्यायची. ती जवळच्या पाम गावाहून येते. त्याला मराठीच काय, धड हिंदीही येत नव्हतं. पण खुणांवर दोघांचं छान चालायचं. जाताना त्याने तिला खुणेनेच सांगितलं, तुला चहा पाठवीन.

आणि पाठवलाही. एप्रिलमध्ये सुट्या भागांच्या खोक्यातून हिरवा डबा निघाला. वर चिठ्ठी, मोबाइलवरून बघून चित्र काढावं तशी रेखलेली मराठी अक्षरं: ‘कँटीन मावशीला’. खोकं मी उघडलं होतं. चिठ्ठी खिशात गेली, डबा बॅगेत. घरी बायकोला म्हणालो, "मला दिलाय. खास."

वसंतातली पहिली कोवळी पानं, मोजके दिवसच खुडतात, असं मोबाइलवर वाचलं आणि मी बिघडलोच. रविवारी बोईसरच्या फ्लॅटवर मित्रांना बोलावलं. काचेच्या ग्लासात पानं आधी उभी राहतात, मग सावकाश तळाला जातात, ते बघायचं असतं. आम्ही चार पोक्त माणसं पाला बुडताना बघत बसलो.

"दूध मागून येतं का?" एकाने विचारलं.

डब्यातल्या कागदाचं मोबाइलने भाषांतर केलं: ‘पाणी खेकड्याचे डोळे’. यावर आम्ही मनसोक्त हसलो. मी खळखळ उकळतं पाणी ओतलं होतं. चहा कडूजहर झाला. "ही चव कळायला जीभ तयार लागते," मी म्हणालो. सगळ्यांच्या जिभा ताबडतोब तयार झाल्या.

इकडे खोकं आलं की मावशी विचारायची, "साहेब, माजी चायपत्ती आली काय?"

"नाही हो, मावशी."

"नाय? तो खोटा नाय वाटला पन."

कँटीनमध्ये थट्टा सुरू झाली. "मावशी, तुजा चिनी पावना इसरला तुला!" त्यात मीही भर घातली, "चिनी माल, मावशी. गॅरंटी नसते." सगळे हसले. तीही हसली, आणि तिने विचारणं बंद केलं. त्यानंतर तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीआधी उरलेला डबा आणि चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. सगळं सांगितलं. तिने चिठ्ठी दोनदा वाचली. डबा हुंगला.

"वास गेला याचा."

तरी तिने पाणी ठेवलं. तळाशी बारीक बुडबुडे धरताच भांडं उतरवलं. "चिंबोरीच्या डोल्यांएवडे आले का बस. त्यानंच शिकवलेला." कागदावरचे खेकड्याचे डोळे ते हेच.

पानं उभी राहिली नाहीत. चहा कडू झाला नाही. चवही उरली नव्हती.

"म्हंजे माल खराब नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"मंग हे सगल्यांसमोर बोला. तवा हसलेले ते सगले येतीलच आता."

भोंगा झाला. ताटं घेऊन माणसं आत आली. मी उभा राहून सगळं सांगितलं. मग मागून आवाज आला, "साहेब, तुमची गॅरंटी किती वर्षांची?"

सगळे हसले. या वेळी मावशी सगळ्यात मोठ्याने.