फळीवरचं भांडण

बंधाऱ्याच्या वर, दर्यापूरकडे, पंजाबरावांची वांगी. बंधाऱ्याखाली, मूर्तिजापूरकडे, पार्वताबाईंचा झेंडू. मधली नदी उन्हाळ्यात नावापुरतीच. म्हणून दोन जिल्ह्यांतल्या या दोन गावांनी बसून ठरवलं होतं, की दर गुरुवारी बंधाऱ्याची एक फळी काढायची आणि दोन तास पाणी खाली सोडायचं. लबाडी नको म्हणून फळी काढायला नि बसवायला दोन्ही गावांचा एकेक माणूस हवाच. वरून पंजाबराव, खालून पार्वताबाई.

आता दोन तासांचं पाणी सगळं रेतीच पिऊन टाकायची, हे पंजाबरावांना पहिल्याच गुरुवारी दिसलं. पण गावाला सांगतो कोण? लोकांनी त्यांनाच फाडून खाल्लं असतं. मग काय, फळी बसवायची वेळ झाली की हा गृहस्थ खुसपट काढायचा.

"पार्वताबाई, मांगच्या खेपेले फळी वाकडी कावून धरली?"

"अजी, मी वाकडी धरली? तुमचे डोये वाकडे!"

झालं! बाई पदर खोचायच्या, हे दुपट्टा आपटायचे. भांडण सहा वर्षांपूर्वीच्या पंगतीतल्या वरणापर्यंत जायचं. काठावर माणसं मजा बघत उभी, आणि पाणी आपलं गुपचूप झेंडूकडे चाललेलं. बाईंनी या लबाडीबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मात्र धार त्यांच्या बांधाला लागेपर्यंत त्यांचा आवाजही कधी खाली आला नाही.

मे महिन्यात बंधाऱ्यावरचा डोह उतरला. पंजाबरावांची मोटार नुसती हवा ओढू लागली, वांग्यांनी माना टाकल्या. गुरुवारी सकाळी बायको सत्यवती म्हणाली, "आज भांडत बसान तं घरी येऊ नोका."

पंजाबराव जड पायांनी बंधाऱ्यावर गेले. फळी काढून अर्धा तास झाला नसेल, तोच पार्वताबाईंनी फळीचं एक टोक उचललं.

"धरा भाऊ. बसवून टाकू."

"अवं, दोन तास कुठं झाले?"

"मले नाई लागत आज. झेंडूचा तोडा कालच झाला."

पंजाबरावांनी खाली पाहिलं. झेंडू तसाच उभा होता, पिवळा धमक, एक फूल तोडलेलं नव्हतं. इतकी वर्षं खोटं भांडणाऱ्या माणसाला आज भांडायला खरं कारण सापडलं होतं. पण त्यांनी दुसरं टोक धरलं.

"नीट धरा," पार्वताबाई म्हणाल्या. "वाकडी धरून राहिले तुमी."