बर्फावरचा खो

आई गेली त्या उन्हाळ्यात मी दर रविवारी सकाळी सांगलीला फोन करायचो. तेव्हा आम्ही कॉलिंग कार्डं वापरत असू. नंबर फिरवला की कार्डावर किती मिनिटं उरली आहेत ते आधी एक रेकॉर्ड केलेला आवाज सांगे, मग तिकडे रिंग जाई. बाबा फोन उचलत आणि गप्प राहत.

"जेवलात का?"

"हं."

"काय जेवलात?"

"होतं काहीतरी."

मग मी इकडचं हवामान सांगायचो, मुलीच्या शाळेचं सांगायचो. ते ऐकत असत की नाही, कोण जाणे. फोन मात्र ते कधी आपणहून ठेवत नसत. बऱ्याचदा मिनिटं संपूनच बोलणं तुटायचं.

ऑगस्टमध्ये बहिणीचा मिरजेहून फोन आला. ती दर दोन-तीन दिवसांनी जाऊन डबा ठेवत होती आणि आधीचा डबा बराचसा तसाच परत नेत होती. "दादा, ते वाळत चाललेत," ती म्हणाली. "तू थोडे दिवस घेऊन जा. इथं त्या घरात ते बरे व्हायचे नाहीत."

ऑक्टोबरात बाबा न्यू जर्सीत आमच्याकडे आले. विमानतळावर सहा महिने राहायचा शिक्का मिळाला होता आणि परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. बाबा शाळेत पी.टी.चे सर होते. तीसएक वर्षं त्यांनी मुलींचे खो-खोचे संघ तयार केले. उन्हात रापलेला, ताठ चालणारा माणूस. मी त्यांना बाथरूममधल्या काट्यावर उभं केलं, पौंडांचे किलो केले आणि आकडा बायकोला सांगितला नाही. ती फार्मासिस्ट आहे. तिला तो न सांगताच कळला होता.

आल्यावर पंधरा दिवसांतच ते म्हणाले, "नाताळ झाला की मला पाठवून दे. तिकीट बदलता येतं म्हणाला होतास ना?"

"येतं. पण इतक्यात कशाला?"

"इथं मी करू काय?"

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबायचं आणि तोवर करमलं नाही तर मी तिकीट बदलून द्यायचं, असं शेवटी ठरलं. मी शब्द दिला की पाळतो. त्यामुळेच मला धास्ती होती. माझा धंदा विमा कंपनीत जोखमीचे आकडे मांडण्याचा आहे. बायको गेल्यावर एकटे राहणारे, जेवण तुटलेले, सत्तरी ओलांडलेले पुरुष, हे आकडे मी रोज पाहत होतो. जानेवारीत त्यांना त्याच घरात परत पाठवायचं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आम्ही त्यांची फार काळजी घेतली. ते ताट उचलायला गेले की बायको म्हणे, "बाबा, तुम्ही बसा." पत्रपेटीकडे निघाले की मी म्हणे, "बसा, मी आणतो. बाहेर निसरडं आहे." मुलगी तेव्हा हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला होती. तीसुद्धा शिकली, "आजोबा, यू सिट." ते बसत. खिडकीपाशी एक खुर्ची होती, तिच्यात. सकाळी आम्ही तिघं निघून जायचो तेव्हा त्या खुर्चीत, संध्याकाळी आलो तरी त्याच खुर्चीत. ताटातलं अर्धं तसंच.

आमच्यापासून अर्ध्या तासावरच्या शहरात व्यावसायिक आइस हॉकीचा एक नवा संघ आला होता. मोठ्या लीगच्या खालच्या लीगमधला. बहुतेक पोरं वीस-बावीस वर्षांची. आदल्या वर्षी, म्हणजे त्यांच्या पहिल्याच वर्षी, ते तळाला राहिले होते. तिकिटं खपत नसल्यामुळे शाळांना स्वस्तात मिळायची. नोव्हेंबरात मुलीनं चार आणली आणि आम्ही बाबांना दोन स्वेटर, कानटोपी घालून नेलं. मी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. मला स्वतःला तो खेळ कळत नव्हता. एवढंच कळत होतं की चेंडूऐवजी असते ती चकती दिसत नाही.

आमचा संघ सहा-एकनं हरला.

"आजोबा, दे आर सो बॅड," परत येताना मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली. "सॉरी हं."

"वाईट नाहीत," बाबा म्हणाले. "दमलेत."

बाबा आपणहून बोलले होते.

"तो सतरा नंबर बघितलास? पळतो चांगला. पण बाहेर यायलाच तयार नाही. सगळं आपणच करीन म्हणतो. दुसरा बाकावर ताजातवाना बसलाय, आणि हा तिकडं धापा टाकतोय. दमलेल्या पोरानं खो दिला नाही तर सगळा पाठलाग फुकट जातो." मग जरा वेळानं, "त्यांना कुणी खो शिकवलेला नाही."

बर्फावर एका वेळी एका संघाचे सहाजण असतात आणि खेळ चालू असतानाच खेळाडू बदलतात. पुढची फळी जीव तोडून पाऊण मिनिट खेळते, बाकाकडे झेपावते आणि दुसरी फळी कठड्यावरून उडी मारून आत येते. हे मला बाबांनी समजावलं. त्यांनी ते एका मॅचमध्ये पाहून ओळखलं होतं. घरी पोचल्यावर कोट काढता काढता त्यांनी विचारलं, "पुन्हा कधी आहे?"

मी दुसऱ्याच दिवशी उरलेल्या मोसमातल्या शनिवारांची तिकिटं काढली. त्यांत जानेवारीनंतरचीही होती. बायकोनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एकदम घेतली की स्वस्त पडतात." ते खरंच होतं.

आमच्या शेजारच्या जागेवर एक अमेरिकन बाई बसायच्या. निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर, बाबांच्याच वयाच्या, हातात गाईच्या गळ्यातली असते तसली घंटा. बाबा जुन्या वळणाच्या इंग्रजीत बोलायचे, अडखळत पण व्याकरणशुद्ध. आपण कोच होतो हे त्यांनी सांगितल्यापासून त्या बाबांना कोचच म्हणायला लागल्या. सतरा नंबर बर्फावर रेंगाळला की बाबा ओरडायचे, "अरे खो दे की लेका!" बाईंनी विचारलं, हे काय म्हणता? बाबांनी त्यांच्या पाठीकडे हात नेऊन, न लावता, दाखवलं. पुढच्या शनिवारी बाईंनीही घंटा वाजवून आरोळी दिली, "को!" बाबांनी दोनदा उच्चार सुधारून दिला.

डिसेंबरात संघ थोडा बरा खेळू लागला. हरत होते, पण एका गोलनं. स्थानिक पेपरात त्यांच्या प्रशिक्षकाची मुलाखत आली. पोरांना कमी वेळ खेळून लवकर बाहेर यायची सवय लावतोय, असं त्यानं म्हटलं होतं. मुलीनं ती वाचून दाखवली.

"आजोबा, डिड यू कॉल हिम?"

"उशिरा का होईना, कळलं त्याला," बाबा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

पण घरातलं काही बदललं नव्हतं. शनिवारी ते बोलत, रविवारी पुन्हा खुर्ची. जेवण थोडं सुधारलं होतं, काटा मात्र जवळजवळ तिथंच होता. आणि नाताळ आला तसं त्यांनी मला आठवण करून दिली, "तिकिटाचं लक्षात आहे ना?"

"आहे."

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी सकाळी उठलो तर फूटभर बर्फ. खाली आलो तर बाबा दारात. कोट, कानटोपी, आणि हातात गॅरेजमधलं बर्फ ओढायचं फावडं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"अहो बाबा, हे काय? ठेवा ते. तुम्ही बसा आत!"

बाबांनी फावडं ठेवलं नाही. बायकोवर आवाज चढवलेला मी त्यांना कधी ऐकला नव्हता. तेव्हाही तो फार चढला नाही.

"अगं, बसा, बसा, बसा! तिथं त्या संघातलं सगळ्यात कच्चं पोरगंसुद्धा पाऊण मिनिटाला आत उतरवतात. मी तीन महिने नुसता बाकावर आहे. इतका काय वाईट खेळलो मी?"

बायकोच्या हातात उलथनं तसंच राहिलं. ती माझ्याकडे बघू लागली. माझ्या डोक्यात त्या क्षणी आकडेच आले, कारण बर्फ उपसताना छातीत कळ येऊन गेलेल्या माणसांचे दावे आमच्याकडे दर हिवाळ्यात येत. मी म्हटलं, "ठीक आहे. पण तिघं मिळून. ड्राइव्हवे मी आणि पोरगी करू. तुम्ही पायऱ्या आणि वाट. थोडं उपसलं की थांबायचं."

"मला शिकवतोस?" बाबा म्हणाले. "तुम्हीच दमाल आधी."

आणि झालंही तसंच. मुलगी जोरात सुरुवात करून लगेच कंबर धरून उभी राहिली. बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "खो! हो बाजूला." त्यांनी पायऱ्यांवरचं भुसभुशीत बर्फ थोडंथोडं, घाई न करता काढलं, मग माझ्या पाठीवर थाप. "खो!" मग मी मुलीला. समोरच्या घरातले गृहस्थ आपलं बर्फ उडवायचं यंत्र बंद करून आमच्याकडे पाहत राहिले. बायकोनं आतून चहा आणला आणि बाबांच्या नाडीला हात लावून पाहिला.

"चांगली आहे," ती म्हणाली.

दुपारी बाबा जेवले आणि त्यांनी पुन्हा भात मागितला. वाढायला बायको उठली. ते म्हणाले, "मी घेतो," आणि ती मुद्दाम बसून राहिली. तिला ते जड गेलं, मला दिसत होतं.

त्या दिवसापासून टपाल, भाजी निवडणं, संध्याकाळी डिशवॉशर रिकामा करणं ही त्यांची कामं झाली. भांडी चुकीच्या कपाटात जायची. आम्ही ती शोधायचो आणि काही बोलायचो नाही.

पुढच्या आठवड्यात मीच विषय काढला. शब्द दिला होता. "बाबा, एअरलाइनला फोन करू का? तिकिटाचं?"

ते पेपरातला गुणतक्ता पाहत होते. "शनिवारी मॅच आहे ना?"

"आहे."

"मग?"

मी वर जाऊन बायकोला सांगितलं आणि पलंगावर बसलो. इतके दिवस खांद्यांत काहीतरी धरून ठेवलं होतं, ते सुटल्यावर कळलं.

संघ खरोखर वर चढला. तळातून नवव्या जागेवर, मग आठव्या, पुन्हा नवव्या. पहिले आठ बाद फेरीत जाणार होते. बाबांच्या परतीच्या आधीचा शनिवार आणि मोसमातला शेवटचा शनिवार एकच आला. त्या दिवशी आम्हाला एक गुण हवा होता. जिंकल्यास दोन, बरोबरीला एक, आणि मूळ वेळेत बरोबरी साधून जादा वेळेत हरलं तरी एक. मी हे गाडीतच सगळ्यांना समजावून सांगितलं. मुलगी मला म्हणाली, "बाबा, वी नो."

शेवटच्या दोन मिनिटांना दोन-दोन. समोरचा संघ आमच्या गोलपुढे तुटून पडला होता. सतरा नंबरचं पोर थकलं होतं, पाय घसटत होते. नोव्हेंबरात ते तिथंच लोंबकळत राहिलं असतं. चकती कोपऱ्यात गेली तशी ते वळलं आणि होतं नव्हतं ते बळ एकवटून बाकाकडे निघालं.

"खो!" बाबा उभे राहून ओरडले.

"खो!" घंटावाल्या बाईंचा उच्चार आता अगदी बरोबर होता.

दुसरं पोर कठड्यावरून आत उतरलं, सरळ गोलपुढे गेलं आणि येणारा फटका त्यानं नडग्यांवर घेतला. भोंगा वाजला. दोन-दोन. गुण मिळाला होता.

जादा वेळेत आम्ही हरलो. हरल्यावर एवढा आनंद झालेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. बाबांनी सतरा नंबरकडे बोट केलं. "बघितलंस? बाहेर आला म्हणून वाचले." बाईंनी निघताना बाबांना विचारलं, बाद फेरीला येणार ना, कोच? बाबांनी नकाराची मान हलवली. बुधवारी विमान होतं. त्यांनी हात जोडले, बाईंनी हात पुढे केला, आणि शेवटी दोघांनी दोन्ही केलं.

मी मुक्काम वाढवायचा अर्ज करू का, असं विचारलं होतं. ते नको म्हणाले. "इथं बरं झालं. पण माझं मैदान तिकडं आहे." निघायच्या आदल्या दिवशी ते आपणहून काट्यावर उभे राहिले आणि मला बोलावलं. गेलेल्या वजनापैकी निम्मं परत आलं होतं.

तरी पहिल्या रविवारी फोन फिरवताना इथं सुधारलेला माणूस त्या घरात टिकेल का, हे मला ठाऊक नव्हतं. आमचा संघ तीन मॅचच्या पहिल्याच फेरीत बाद झाला होता. सांगण्यासारखं काहीतरी हवं म्हणून मी सगळ्या मॅचेस क्रमानं डोक्यात लावून ठेवल्या होत्या. कार्डावरच्या आवाजानं मिनिटं सांगितली. रिंग बराच वेळ गेली. मग धापा टाकत बाबा आले.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो. वांगं केलं होतं. करपलं जरा. हरले का रे ते?"

"हरले. पहिल्या मॅचमध्ये काय झालं..."

"आणि सतरा नंबर?"

"त्यानं दोन गोल केले."

"शाब्बास. बरं, ऐक, ठेवतो मी. कालपासून सुट्टीचं शिबिर घेतलंय शाळेच्या मैदानावर. पोरी फाटकाशी थांबल्यात, चुळबुळ चाललीय नुसती. बाकीचं पुढच्या रविवारी."

आणि त्यांनी फोन ठेवला.

बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं? लाइन कटली का?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी ठेवला."

कार्डावरची जवळजवळ सगळी मिनिटं शिल्लक होती.