बांगड्याच्या पेटीचं विमान

मी लढाऊ विमान बांगड्याच्या पेटीतून कापून काढलं, आणि पेटी नीट धुतली नाही.

पेटी थर्माकोलची. मासे बर्फात घालून पाठवतात ना, तसली. आमच्या किनाऱ्यावर अशा पेट्या माडाच्या बुंध्याशी, कुंपणाच्या कडेला, कुठेही पडलेल्या असतात. रिमोटवर उडणारी विमानं करणारे शहरातले हौशी लोक त्यासाठी परदेशी हलकं लाकूड मागवतात. मीही मागवलं असतं, पण पार्सल आलं की बायको विचारणार. पडलेल्या पेटीबद्दल कोण विचारतंय, असा माझा हिशेब.

"ही पेटी घरात कित्याक हाडलास?" तिनं विचारलंच.

"विमान करतंय."

"परत?"

त्या 'परत'ला इतिहास होता. माझं पहिलं विमान शेजाऱ्यांच्या माडात जाऊन बसलं आणि नारळ पाडायला माणूस येईपर्यंत तिथेच राहिलं. त्यानं ते खाली टाकलं, आणि त्याच्यावर नारळ टाकले. दुसऱ्या विमानाला मी डब्यातला फवाऱ्याचा रंग मारला. थर्माकोलला तो रंग चालत नाही, हे मला रंग मारता मारता कळलं. पंख माझ्या डोळ्यांदेखत आत आत बसत गेला. ते विमान पडलं नाही, उडालंही नाही. विरघळलं.

आम्ही पर्यटकांना राहायला खोल्या देतो. दोन खोल्या पाहुण्यांच्या आणि तिसरी, जिच्या खिडकीतून थेट समुद्र दिसतो, ती माझ्या उद्योगाची. त्या खिडकीवर बायकोचा डोळा होता. त्या दिवशी तिनं पेटीकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं, आणि निकाल दिला.

"ह्या शेवटचा. विमान उडाक होया आणि परत येवक होया. परत इला तर खोली तुमची. नाय इला तर तुमचा सामान पडवेत आणि खोलयेत पावणे."

मी कबूल झालो. एवढ्या आनंदात मी लग्नालासुद्धा कबूल झालो नव्हतो.

विमान निवडलं होतं दुसऱ्या महायुद्धातलं, एकच माणूस बसेल असं. एका जुन्या पुस्तकात फोटो होता. लांब नाक, गोलसर टोकाचे पंख, वैमानिकाच्या डोक्यावर काचेचं झाकण. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर मी ते मोठं करून काढलं. इथे मजा अशी की विमान नुसतं लहान करून चालत नाही. वाऱ्याला लहान-मोठं कळत नाही. खऱ्या मापाची शेपटी ठेवली तर लहान विमान डुलायला लागतं. म्हणून शेपटी जरा मोठी करायची, पण बघणाऱ्याला कळता कामा नये. रात्री झोपेतून उठून मी शेपटी वाढवत होतो, सकाळी कमी करत होतो. इतका विचार मी आयुष्यात कशाचाही केला नाही, आणि इतकी मजाही कधी आली नाही.

पंख कापायला बांबूच्या धनुकलीवर तार ताणली आणि तिला जुन्या बॅटरीची वीज दिली. तार तापली की थर्माकोल खरवसासारखा कापला जातो. पहिला पंख सुटून हातात आला तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी घरभर भाजलेल्या बांगड्याचा वास सुटला होता. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांनी विचारलं, "आज नाश्त्यालाच मासे आहेत का?" मांजर दाराशी येऊन बसलं ते उठेना. मला मात्र कसलाच वास आला नाही. जन्म किनाऱ्यावर गेलेल्या नाकाला बांगडा म्हणजे हवाच.

पंखांना ताठपणा यावा म्हणून आत माडाच्या झावळीचे हीर घातले. ते बायकोच्या खराट्यातून आले. खराटा दिवसेंदिवस बारीक होत गेला. शेपटी हलवायच्या काड्या छत्रीतून आल्या. मोटर, बॅटरी, रिमोट तेवढं पहिल्या विमानातून वाचलेलं. सगळं जोडून झाल्यावर पंखाखाली दोन बोटं धरून तोल पाहिला, तर शेपटी धाडकन खाली. मग जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं नाकात कोंबली. एक घातलं, दुसरं घातलं, आणि विमान माझ्या दोन बोटांवर सरळ आडवं राहिलं. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर जरासं थरथरलंसुद्धा. ते आता पेटी राहिलं नव्हतं.

मग वरून कागद चिकटवला आणि भिंतीचा चंदेरी रंग ब्रशनं दिला. हा रंग थर्माकोल खात नाही. लांबट, चकचकीत, शेपटीकडे निमुळतं. मला ते विमान दिसत होतं. इतरांना काय दिसतंय हे मी विचारलं नाही.

"वास येता," बायको म्हणाली.

"रंगाचो आसतलो."

"रंगाक खवले नसतत."

उडवायचा दिवस ठरला. सकाळी ओहोटीला ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक होते, विमान पोटावर उतरवायला झकास. शहाण्या माणसानं लांब, मोकळ्या जागी जाऊन उडवलं असतं. पण त्या सकाळी आमच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. रापण म्हणजे होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. अर्धी वाडी दोराला लागते. जो दोर ओढतो त्याला माशांचा वाटा मिळतो. बायको नेहमीसारखी पदर खोचून दोराला होती. एवढी माणसं आयती जमलेली असताना मी लांब कशाला जाऊ?

रापणीचा प्रमुख म्हणजे तांडेल. आमचे तांडेलकाका वयानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे.

"रे झिला, हंय नको. घारी आसत."

"काका, ह्या लढाऊ विमान आसा!"

"घारींका ता म्हायत आसा?"

मी हसलो, मोटर चालू केली आणि विमान वाऱ्यावर फेकलं.

काय सांगू! ते जरासं बुडालं, माझं काळीजही बुडालं, आणि मग ते उठलं. सरळ चढत गेलं! सकाळचं ऊन पोटावर घेऊन लाटांवरून वळलं, माडांच्या वर गेलं, परत आलं आणि आमच्या डोक्यांवरून असं सण्णकन गेलं की दोर ओढणारे सगळे वर बघायला लागले आणि दोर सैल पडला. तांडेलकाकांनी सगळ्यांच्या खानदानाचा उद्धार केला. आणि त्या गलक्यात मला बायकोचा आवाज ऐकू आला, "उडाला गो! उडाला!" ती दोर सोडून हात हलवत होती. मी नाचतच होतो. रिमोट हातात असताना नाचू नये, पण मी नाचत होतो.

मग तेवढंही मला कमी वाटलं. मी विमान हवेत एकदा उलटं फिरवलं. चंदेरी पोट उन्हात चमकलं.

रापणीच्या वर घारी फिरतच असतात, चमकणारं काही दिसलं की झेप. एक वळली. तिच्यामागून दुसरी. वासानं आल्या की चमकेनं, यावर वाडीत अजून दोन पक्ष आहेत. मी जोर वाढवला, विमान पळालं, घार मागे. मी वळवलं, घारही वळली, माझ्यापेक्षा सुबक. किनारा ओरडत होता, आणि खरं सांगतो, निम्मा घारीच्या बाजूनं होता. विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्या क्षणी नव्हतं. मी वाचवायला म्हणून वळवलं आणि विमान थेट दुसऱ्या घारीच्या पायांत नेऊन दिलं. तिनं शेपटी धरली, थोडी चव घेतली, आणि टाकून दिली.

विमान गिरक्या घेत समुद्रात पडलं. नेमकं जाळ्याच्या आत.

मी धावत पाण्यात शिरलो.

"जाळ्यात पाय घालू नको!" तांडेलकाका गरजले.

मी गुडघाभर पाण्यात रिमोट धरून उभा, आणि माझं लढाऊ विमान तारल्या-बांगड्यांबरोबर हळूहळू किनाऱ्याला ओढलं जातंय. मोटर खाऱ्या पाण्यानं गेली होती. शेपटीचा एक घास गेला होता. बाकी अख्खं!

वाळूवर वाटे पडायला लागले. मी विमानाला हात घातला.

"हात काढ," काका म्हणाले. "जाळ्यात इला ता रापणीचा. दोर वढलंस काय?"

"नाय."

"मगे?"

सगळा किनारा हसायला लागला. काकांनी विमान उचललं, झटकलं आणि बायकोच्या वाट्यावर ठेवलं. "गो बाय, तू दोर वढलंस. ह्या तुझ्या वाट्याक." आणि कोणावर अन्याय नको म्हणून तिच्या वाट्यातले मूठभर बांगडे परत उचलले.

घरी येताना मी मुद्द्याला हात घातला. "उडाला की नाय? परत इला की नाय? खोली माझी."

ती थांबली. एका हातात बांगडे, दुसऱ्या हातात विमान.

"माझा विमान परत इला," ती म्हणाली. "तुमचा खंय आसा?"

उत्तर मी अजूनही शोधतो आहे, पडवीत बसून. माझं सामानही तिथेच आहे.

खोली पर्यटकांत चांगली चालते. विमान छताला टांगलंय, पलंगाच्या बरोबर वर. मांजर खाली बसून वर बघत असतं. परवा एक पाहुणे आडवे होता होता उठून बसले.

"हे कोणी बनवलं हो? अंगावर पडणार नाही ना?"

पाहुण्यांशी बोलताना बायको शुद्ध मराठीत बोलते. उशीला अभ्रा घालत ती म्हणाली, "बिनधास्त झोपा. बनवलंय यांनी, पण टांगलंय मी."